शुक्रवारचे तळहात

प्रत्येक अर्जाच्या शेवटी मागणी असावी लागते. वरचा मजकूर कितीही करुण असो, खाली 'अतः प्रार्थना है' हे शब्द आले नाहीत आणि त्यांच्यापुढे अर्जदाराला काय हवे ते स्पष्ट लिहिले गेले नाही, तर साहेबाच्या टेबलावर पोहोचते ती नुसती हकिगत; अर्ज नव्हे. झाशीच्या कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून मी तीस वर्षे हेच सांगत आलो आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या दोघा बी.ए. झालेल्या अर्जनवीसांना हे मीच शिकवले, आणि ते त्यांनी कधी नाकारलेले नाही. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंतचे. परंतु शिक्षण आणि लेखन या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे ज्यांनी माझ्या हातचा मसुदा पाहिला आहे त्यांना मुद्दाम सांगावे लागत नाही.

आमचे मूळ पुरुष अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनीसाठी देशावरून इकडे आले. ती कारकुनी एकेक पायरी उतरत माझ्या टेबलापर्यंत आली. दिवसभर बुंदेलीत ऐकायचे, हिंदीत लिहायचे आणि संध्याकाळी लक्ष्मी गेटच्या गल्लीत शिरून चपला काढता काढता मराठीत यायचे, असा माझ्या आयुष्याचा क्रम होता. घरातली मराठी आईमुळे होती. आता आई नाही. मुलगी सगळे समजते आणि उत्तर हिंदीत देते. म्हणून हा एक प्रसंग मी मराठीत लिहून ठेवतो आहे. त्यात आईचा हात आहे, आणि आईचे बोलणे दुसऱ्या भाषेत नेले की ते तिचे राहत नाही.

प्रसंग पंधराएक वर्षांपूर्वीचा, एका बाईच्या तळहातांचा आहे.

ती बाई एका ख्रिस्ती शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. नवरा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. तो गेल्यावर तिने सत्तर मुलींची चूल हातात घेतली आणि अकरा वर्षे ती चालवली. तिच्या मुलीच्या दाखल्यात बापाचे नाव चुकले होते, ते दुरुस्त करण्याचा अर्ज मी लिहून दिला होता. तीन आठवड्यांत दुरुस्ती झाली. तेव्हापासून दर नाताळला ती स्टीलच्या डब्यातून केक घेऊन आमच्या घरी येऊ लागली. पहिल्या वर्षी आईने डबा घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "अंडं असेल त्यात," मला म्हणाली. दुसऱ्या वर्षी बाई दारातूनच ओरडली, "अम्माजी, दह्याचा आहे! अंडं नाही, कसम!"

"कसम कशाला खातेस, केकच खाऊ आपण," आई म्हणाली, आणि तिने तिथेच एक तुकडा मोडला. डबा परत जाताना त्यात चिरोटे होते. पुढे तो डबा दोन्ही बाजूंनी कधी रिकामा गेला नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी ती कचेरीत माझ्यापुढे येऊन बसली. निंबाची पिवळी पाने टेबलावर गळत होती आणि मी ती दर पाच मिनिटांनी फुंकून उडवत होतो. तिच्या दोन्ही हातांना जुन्या ओढणीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या.

"मुंशीजी, दरख्वास्त लिहायची आहे. बिशप साहेबांना."

तहसीलदारापासून कमिशनरापर्यंत सगळ्यांना मी लिहिले होते. बिशपला कधी लिहिले नव्हते. मी पेनाचे टोपण काढले. तिने दातांनी गाठ सोडली आणि हात माझ्यापुढे उलटे केले. दोन्ही तळहातांच्या बरोबर मधोमध जुन्या चवलीएवढी जखम होती. वर काळसर खपली धरली होती.

"तीन शुक्रवार झाले," ती म्हणाली. "शुक्रवारी फुटतं, वाहतं. शनिवारी सुकतं. मग सहा दिवस काही नाही."

ईस्टरपूर्वीचे चाळीस उपासाचे दिवस, म्हणजे त्यांचा चालिसा, चालू होता. त्या धर्मातल्या श्रद्धेनुसार, क्रूसावर प्रभूंच्या हातापायांत खिळे ठोकले गेले त्या जागी काही भाविकांच्या अंगावर आपोआप जखमा उमटतात, आणि त्या फार मोठ्या कृपेची खूण मानल्या जातात. वसतिगृहात कुजबुज सुरू झाली होती. एका सिस्टरने तिच्या हाताचे चुंबन घेतले होते. झाशीजवळच्या बबीन्याहून दोन मुलींच्या आया नुसते हात बघायला आल्या होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र कातडीचा विकार असावा असे सांगितले, आणि वर हेही की कधी कधी माणूस नकळत स्वतःच स्वतःला इजा करून घेतो.

"म्हणजे मी झोपेत उठून स्वतःला खिळे ठोकते का, मुंशीजी? आणि ठोकले तर हातोडी कुठल्या हातात धरते?"

मला हसू आले, पण तिला आले नव्हते. निकाल लागेपर्यंत तिला स्वयंपाकघरातून काढून चादरींच्या खोलीत बसवले होते. फादरनी सांगितले होते की जे घडले ते स्वतःच्या शब्दांत लिहून आण, मी ते वर पाठवीन.

मी विचारले, "चमत्कार लिहू की बीमारी? मागणी त्यावर ठरेल."

ती म्हणाली, "चमत्कार लिहाल तर मला खुर्चीवर बसवतील. बीमारी लिहाल तर घरी बसवतील. दोन्हीकडे बसायचंच. मला उभं राहायचंय, मुंशीजी. माझ्या चुलीपुढे. एवढंच लिहा."

एवढे लिहिणे किती अवघड आहे, हे लेखणी हातात धरणाऱ्यालाच कळेल. मी आधी पेन्सिलीने मसुदा केला, मग निळ्या-काळ्या शाईने शुद्ध प्रत. 'प्रार्थिनी न चमत्कार का दावा करती है, न रोग स्वीकार करती है. केवल अपनी रसोई में पूर्ववत् सेवा की अनुमति चाहती है.' हे वाक्य मला आजही पाठ आहे. अख्ख्या पानावर एकही खाडाखोड नव्हती.

मग माझी चूक झाली. ती चूक माझ्या धंद्यातल्या माणसाकडूनच व्हावी अशी आहे.

त्या बाईला सही येत होती. पाचवीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल आणि स्वच्छ. पण माझा पंधरा वर्षांचा शिरस्ता असा की सही येणाऱ्याचाही अंगठा घ्यायचा. सही नाकारता येते, अंगठा नाकारता येत नाही. अंगठ्याने कागदाला वजन येते. आणि अंगठा मी अर्जदाराला स्वतः लावू देत नसे, कारण लोक तो फासतात. मनगट मी धरायचे, अंगठा पॅडवर फिरवायचा आणि कागदावर दाबायचा. हात इतका सरावलेला होता की डोक्याला विचारण्याची त्याला गरज उरली नव्हती. मी तिचे मनगट धरले आणि दाबले. तिने "आई गं" केले नाही; तिने फक्त श्वास आत ओढला. अंगठ्याचा निळा ठसा उमटला आणि त्याच्याखाली, तळहात जिथे कागदाला टेकला तिथे, एक लाल गोल.

ते पान मी फाडायला हवे होते. मी फाडले नाही. जेवणाची वेळ झाली होती, आणि इतके निर्दोष पान पुन्हा उतरेल की नाही याची मला खात्री नव्हती. शिवाय मनात आले, असू दे, पुरावाच आहे. तिला मी घरी पाठवले आणि नेहमीप्रमाणे एक प्रत स्वतःच्या फायलीला काढण्यासाठी कागद फोटोकॉपीच्या दुकानात नेला.

"मुंशीजी, ये क्या है? खून?" दुकानदाराने विचारले.

मी गप्प राहू शकलो असतो. मी त्याला सगळे सांगितले. बिशप, शुक्रवार, खिळे, सगळे. आणि मसुदा माझा आहे हेही. दुकानात चारपाच जण उभे होते. मी बोलत असताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आवडली होती, हे आज लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

सोमवारी मी अर्ज घेऊन फादरांकडे गेलो. फादर दक्षिणेकडचे, वयस्कर, अतिशय शुद्ध हिंदी बोलणारे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि भाषेची प्रशंसा केली. मग त्या लाल डागावर त्यांचे बोट थांबले.

"हे कधीचं?"

"शनिवारचं."

"शनिवारी तर वाहत नाही म्हणे."

"मी... अंगठा घेताना दाब पडला."

त्यांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, रागावले असते तर बरे झाले असते. म्हणाले, "मुंशीजी, अशा गोष्टींत आमचा धर्म फार सावकाश चालतो. काही लोक खरोखर भाविक असतात. काही लबाड निघाले आहेत. काही आजारी होते. मोठमोठे डॉक्टर म्हणतात की मन ध्यासाने शरीरावर लिहू शकतं. मला स्वतःला एकच प्रश्न पडतो. चित्रांमध्ये खिळा तळहातात दाखवतात. पण काही विद्वानांचं म्हणणं, तळहातातला खिळा माणसाचं वजन पेलणार नाही. तो मनगटात ठोकला असणार. मग बहुतेकांच्या जखमा तळहातालाच का येतात? त्या घटनेप्रमाणे येतात की चित्राप्रमाणे?"

हा प्रश्न मला उलटतपासणीसारखा वाटला. ज्याला उत्तर दिले तरी साक्षीदार अडकतो आणि न दिले तरी अडकतो. मी विचारले, "मग हे खोटं म्हणायचं?"

"मी ते म्हटलं नाही. देवाला माणसाशी बोलायचं असेल तर तो माणसाला माहीत असलेल्या चित्रातूनच बोलेल, असंही म्हणता येतं. म्हणून तर म्हणतो, सावकाश." आणि मग हळूच, "पण या कागदाची प्रत कुणाकडे गेली नाही ना?"

दुकानदाराने जादा प्रती काढून ठेवल्या होत्या, आणि त्या सगळीकडे गेल्या होत्या. बुधवारी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर माणसे उभी होती. ख्रिस्ती कमी, बाकीचेच जास्त. कुणी नारळ आणला होता, कुणी तापलेले मूल. आमच्या लक्ष्मी गेटच्या गल्लीत एका किराण्याच्या दुकानात माझ्या अक्षरातल्या त्या कागदाची झेरॉक्स लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी चिकटवलेली मी पाहिली. लाल डाग झेरॉक्समध्ये काळा झाला होता आणि त्याला उदबत्ती लावलेली होती.

गुरुवारी वसतिगृहाच्या मुख्य सिस्टरने बाईला घरी पाठवले. सत्तर मुलींची जबाबदारी होती. फाटकावर गर्दी परवडणारी नव्हती. बिजौलीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमधला आचारी तिच्या जागी आणला गेला.

त्याच संध्याकाळी ती आमच्या घरी आली. माझ्या तोंडावर चार शब्द मारेल म्हणून मी सावरून बसलो. ती मात्र सरळ माजघराच्या उंबऱ्याशी आईसमोर बसली आणि म्हणाली, "अम्माजी, तो आचारी डाळीत साखर घालतो." आणि मग रडू लागली.

आईने मला सगळे विचारले. मी सगळे सांगितले, अंगठ्यासकट, दुकानासकट. आई माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "तुझ्या हातात पेन दिलं ना, की तुला गप्प बसवत नाही." मग तिने बाईचे हात स्वतःच्या मांडीवर घेतले. वासही घेतला.

"काय चिरतेस ग शुक्रवारी?"

"शुक्रवारी गोश्त नसतं, अम्माजी. उपासाचे दिवस. जिमीकंद करते. मुलींना आवडतो."

"सुरण! किती?"

"पंधरा-सोळा किलो."

"आणि तेल? चिंच?"

"कुणाला वेळ आहे, अम्माजी? धुतलं की चिरलं."

"अगं बाई!" आईने स्वतःच्या कपाळावर हात मारला. "सत्तर पोरींचं सुरण कोरड्या हातांनी! आमच्याकडे हाताला कोपरापर्यंत तेल लावल्याशिवाय कुणी गड्ड्याला शिवत नाही. हे बघ." तिने तिचे हात धरून दाखवले. "डाव्यात गड्डा दाबून धरतेस, तो इथे टेकतो. उजव्यात सुरी, तिच्या मुठीचं बूड इथे टेकतं. दोन्ही मधोमध. आधी खाज, मग कातडं जातं, मग रक्त. झालं."

मला इतका आनंद झाला की मी उठून उभा राहिलो. जे डॉक्टरांना सुचले नाही, फादरना सुचले नाही, ते आमच्या माजघरात सुटले होते. नव्या अर्जाचे पहिले वाक्यही माझ्या मनात तयार झाले.

बाईने डोळे पुसले आणि हसली. "अम्माजी, जिमीकंद मी अकरा वर्षं चिरते आहे. दर चालिसाला. मग याच साली का?"

आईने हात सोडले नाहीत. "ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

माझ्या एका आत्याच्या अंगात नवरात्रात यायचे. वडील म्हणायचे, उपासाचा अशक्तपणा आहे. शेजारी म्हणायचे, देवी आहे. आई तेव्हा नवी सून होती, ती म्हणायची, "वर्षभर या बाईला घरात कुणी बोलू देत नाही. नऊ दिवस तरी बोलू द्या." तिचा बाजू निवडण्यावर फार विश्वास नव्हता. समोरच्या माणसाला काय हवे आहे, ते ती आधी बघे. माझ्या लेखनात मागणी शेवटी येते. तिच्या विचारात ती पहिली येत असे, हे मला फार उशिरा कळले.

दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेलो आणि सुरणाची बाब सादर केली. ते मोठ्याने हसले. मग गंभीर झाले. ठरले ते असे. त्या दिवशीचा शुक्रवार मोजायचा नाही, कारण जुनी जखम अजून ओली होती. पुढचा शुक्रवार गुड फ्रायडे. तोवर बाईने सुरणाला हात लावायचा नाही. त्या दिवशी जखम वाहिली नाही, तर डॉक्टर तिला कामाला योग्य लिहून देतील आणि ईस्टरनंतर चूल तिची. वाहिली, तर प्रकरण वर जाईल, चौकशी येईल, आणि ती किती महिने चालेल ते कुणी सांगू शकणार नाही. तोपर्यंत स्वयंपाकघर बंद. "ती तुमच्या घरी राहू दे," फादर म्हणाले. "वसतिगृहात राहिली तर लोक हात सोडायचे नाहीत. तुमच्या आई जे सांगतील ते मी मानीन."

ती आठवडाभर आमच्याकडे राहिली. त्या आठवड्याची आठवण आली की आजही मला घरात फोडणीचा वास येतो. आईच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात बाहेरचे माणूस जात नसे. बाई उंबऱ्याबाहेर पाटावर बसे आणि तिथून हुकूम सोडे.

"अम्माजी, हिंग आधी! हिंग आधी!"

"माझ्या घरात मला शिकवतेस?"

"आप खाइए तो सही, फिर डाँटिए."

आणि जेवताना आई मला हळूच म्हणे, "हिंग आधी घातलेलं बरं लागतं रे." दुपारी दोघी दारात बसून तांदूळ निवडत; म्हणजे आई निवडी आणि बाई पट्ट्या बांधलेल्या हातांनी खडे दाखवी. आईची हिंदी आणि बाईची बुंदेली एकमेकींना अर्धीअधिक कळत नसावी. बोलणे मात्र थांबत नसे. कचेरीतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला त्यांचे हसणे ऐकू यायचे, आणि मी पाऊल हळू करायचो.

गुड फ्रायडेच्या सकाळी आईने जुन्या पट्ट्या काढल्या. खपली कोरडी होती. आईने तूप आणि हळद लावली, आपल्या जुन्या लुगड्याची हिरव्या काठाची मऊ चिंधी फाडून दोन्ही हात बांधले आणि गाठी स्वतः मारल्या. दुपारी मी बाईला चर्चमध्ये नेऊन आणले. तीन तास ती गुडघ्यांवर होती. मी मागच्या बाकावर बसून तिच्या पट्ट्यांकडे बघत होतो. माझ्यासारखे आणखी पाचपन्नास जण बघत होते.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतले आणि पट्ट्या सोडल्या. मी दिवा धरून उभा होतो, कारण त्या खोलीत दिवसाही उजेड कमी. डाव्या हाताची चिंधी पिवळी, स्वच्छ. उजव्या हाताच्या चिंधीवर, पिवळ्याच्या मधोमध, मसुरीच्या दाण्याएवढा लाल ठिपका.

बाईने डोळे मिटून घेतले. "गयी मेरी रसोई," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

आईने चिंधी डोळ्यांजवळ नेली. मग तिची घडी केली, घडीवर घडी, आणि कमरेला खोचली.

"हळद आहे," ती म्हणाली.

"आई..."

"हळदीला चुना लागला की लाल होते. कुंकू काय वेगळं असतं? पान लावत होते सकाळी, बोटांना चुना राहिला असेल." आणि बाईला, "डोळे उघड. हळद आहे."

शुक्रवारी आईचा देवीचा उपास असे. उपासाच्या दिवशी ती पानाच्या डब्याला हात लावत नसे; माझ्या आठवणीत एकदाही नाही. हे मला ठाऊक होते, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होते. तिने माझ्याकडे पाहिले. खोटे बोलल्याबद्दल ज्या मुलाला तिने लहानपणी उपाशी झोपवले होते, त्या मुलाकडे तिने पाहिले आणि नजर हलवली नाही.

"लिही," ती म्हणाली.

मी कागद घेतला. त्या दिवशी माझ्याजवळ सुचलेले एकही सुंदर वाक्य नव्हते. 'पट्टी खोलने पर हल्दी का दाग पाया गया. रसोई में वापसी की प्रार्थना है.' दोन ओळी. अंगठ्याचे पॅड मी पिशवीतून काढलेच नाही. पेन बाईच्या बोटांत दिले, आणि तिने आपल्या गोल अक्षरात, उघड्या हाताने, हळूहळू सही केली. प्रत मी काढली नाही.

शनिवारी डॉक्टरांनी हात पाहिले, कोरडे होते. ईस्टरनंतरच्या सोमवारी बाई तिच्या चुलीपुढे उभी राहिली. सुरण दुसऱ्या कुणी, तेल लावून, चिरायचे अशी अट होती. पुढच्या वर्षीच्या चालिसात हातांना काही झाले नाही, किंवा झाले असेल तर तिने ते कुणाला दाखवले नाही. फाटकावरची माणसे दोन आठवड्यांत पांगली. किराणा दुकानातली झेरॉक्स मात्र पुढच्या दिवाळीच्या रंगापर्यंत टिकली. मी त्या दुकानावरून मान खाली घालून जात असे.

आईशी मी त्याबद्दल एकदाच बोललो. म्हणालो, "फादरनी सगळं तुझ्या शब्दावर सोडलं होतं." ती वाती वळत होती. "देवाचं असेल तर देवाला माझ्या साक्षीची गरज नाही," ती म्हणाली. "सुरणाचं असेल तर बरं होईल. तिला चूल हवी होती. दुसरं कुणी काही मागितलं होतं का?"

आता कचेरीत निंबाखाली चारच टेबले उरली आहेत. तक्रारी मोबाइलवरून जातात; त्यांत मागणीसाठी आयता चौकोन असतो, त्यात टिचकी मारायची. अंगठा अजून घेतात, पण यंत्रावर, आणि मनगट कुणी धरत नाही. मीही त्या दिवसानंतर कुणाचे धरले नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाई त्याआधीच निवृत्त होऊन मुलीकडे बबीन्याला राहायला गेली होती, पण नाताळचा डबा चुकला नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळला ती आली तेव्हा मी देवघराचे फडताळ आवरत होतो. देवांच्या वस्त्रांच्या डब्यात, सगळ्यांच्या तळाशी, हिरव्या काठाची एक चिंधी निघाली. घडीवर घडी केलेली. मी ती तिच्या हातात दिली.

तिने घडी उलगडली. उजेडाकडे धरली नाही. काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "अम्माजींनी टाकली नाही."

"नाही."

"साबण कुठे आहे?"

मला एवढे ठाऊक आहे की जुन्या हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि जुने रक्त तसे होत नाही. आयुष्यभर मी कागदावर गोष्टी कायम करत आलो. ही एक गोष्ट मला दोन मिनिटांत कायम करता आली असती. मोरी तीन पावलांवर होती. मी साबणाची वडी तिच्या हाती दिली आणि केकचा डबा ठेवायला बाहेरच्या खोलीत गेलो. तिथे उगीचच वर्तमानपत्र चाळले. नळाचा आवाज आला, मग थांबला.

परत आलो तेव्हा चिंधी दोरीवर निथळत होती, पांढरी. बाई माजघरात नव्हती. आईच्या स्वयंपाकघरात, उंबऱ्याच्या आत, चुलीपुढे उभी होती. डाळ शिजायला लागली होती.

"मुंशीजी," तिने मागे न बघता विचारले, "हिंग कुठे ठेवता?"